पूलसाठी कोच शोधताय? आधी तो कुठे बघतो ते बघा

पूल पार्लरमध्ये वर्ष-दोन वर्षं नियमित खेळणाऱ्या बहुतेकांचा खेळ एका टप्प्यावर येऊन अडकतो. सोपे बॉल जातात, अधूनमधून एखादा लांबचा कटही (तिरका शॉट) बसतो, पण सलग तीन-चार बॉलच्या पुढे गाडी सरकत नाही. मग आपण खेळायचे तास वाढवतो, महागडा क्यू (खेळायची काठी) घेतो, रात्री जागून व्हिडिओ बघतो. खेळ मात्र आहे तिथेच राहतो. कोच गाठायची वेळ हीच. पण कोचमध्ये नेमकं काय बघायचं हे सांगणारं सहसा कोणी भेटत नाही आणि ‘आपल्या पार्लरमध्ये सगळ्यांत भारी कोण खेळतं’ एवढ्यावरच निवड होऊन जाते.

हा निकष का फसतो, ते एका हिशेबातून कळेल. समजा क्यूने मारायचा पांढरा बॉल आणि समोरचा बॉल यांच्यात चार फुटांचं अंतर आहे आणि शॉट अगदी सरळ पॉकेटच्या रेषेत आहे. क्यूची दिशा फक्त १ अंशाने चुकली, तर समोरच्या बॉलपाशी पोचेपर्यंत पांढरा बॉल सुमारे २ सेंटीमीटर बाजूला सरकलेला असतो. पूलचा बॉल सव्वादोन इंची, म्हणजे ५.७ सेंटीमीटरचा. त्याला २ सेंटीमीटर बाजूने धडक बसली, की तो सरळ जायच्या ऐवजी २० अंशांहून जास्त तिरका निघतो. हातातली १ अंशाची चूक टेबलावर वीसपट होऊन दिसते. बाजूला उभा असलेला मित्र म्हणतो, ‘अरे, डावीकडून लागला, जरा उजवीकडे घे.’ तुम्ही उजवीकडे घेता आणि आता बॉल दुसऱ्या बाजूला चुकतो. तुमचा नेम मुळात बरोबर होता, क्यू सरळ गेला नव्हता. तो का गेला नाही हे तुम्हाला दिसणं शक्यच नाही, कारण शॉट मारताना तुमची नजर बॉलवर असते आणि गडबड कोपरात झालेली असते.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. तुम्ही शॉट मारता तेव्हा कोचची नजर कुठे आहे ते पाहा. बॉल पॉकेटमध्ये जातो की नाही याकडे तो बघत असेल, तर तो मित्राहून वेगळं काही सांगू शकणार नाही. तो तुमचा खांदा, कोपर, मनगट, डोकं आणि पाय बघत असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ आहे.

आधी आपण काय खेळतो ते ठरवा

आपल्याकडे ‘पूल’ या एका शब्दाखाली बरीच टेबलं येतात. नऊ फुटी अमेरिकन टेबल, ज्याचं खेळायचं क्षेत्र १०० बाय ५० इंच असतं. त्याचंच आठ फुटी रूप. काही ठिकाणी लहान बॉल आणि अरुंद पॉकेटं असलेलं सात फुटी ब्रिटिश पद्धतीचं टेबल. आणि शेजारी बारा फुटी स्नूकर. बहुतेक जण एट-बॉल खेळतात, म्हणजे आपल्या गटाचे सगळे बॉल घालून शेवटी आठ नंबर घालायचा. स्पर्धांमध्ये नंबराच्या क्रमाने खेळायचे नाइन-बॉल आणि टेन-बॉलही असतात. तुम्हाला मित्रांमध्ये एट-बॉल नीट खेळायचा आहे की स्पर्धेत उतरायचं आहे, हे आधी ठरवलं तर कोचशी बोलताना गोंधळ होत नाही.

महाराष्ट्रात निव्वळ पूल शिकवणारा कोच मिळणं कठीण जातं. जे चांगले शिकवतात ते बहुतेक स्नूकर आणि बिलियर्ड्समधून आलेले असतात. त्यात आश्चर्य नाही, आपली परंपराच ती आहे. जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद १९५८ आणि १९६४ मध्ये जिंकणारे विल्सन जोन्स मूळचे पुण्याचे. मायकेल फरेरा मुंबईचे. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्यातला, घडला मात्र तो बंगळुरूत, अरविंद सवूर यांच्या हाताखाली. तेव्हा ‘मी स्नूकरचा कोच आहे’ असं कोणी म्हणालं म्हणून मागे फिरू नका. उभं राहण्याची पद्धत, टेबलावर टेकून क्यूला आधार देणारा हात (ब्रिज), क्यू सरळ मागे-पुढे नेणं या गोष्टींत स्नूकरवाले जास्त काटेकोर असतात. टेबल मोठं, बॉल ५२.५ मिलिमीटरचा आणि पॉकेटच्या कडा गोलसर असल्याने तिथे थोडीशी चूकही खपत नाही. पायाभूत सहा महिन्यांसाठी असा कोच मिळाला तर मी तोच निवडीन.

पुढे मात्र पूलचं स्वतःचं असं बरंच काही लागतं. ब्रेक कसा फोडायचा, ब्रेकनंतर सॉलिड (एकरंगी बॉल) घ्यायचे की स्ट्राइप (पट्ट्याचे), नाइन-बॉलमध्ये पुश-आउट (ब्रेकनंतर कुठलाही बॉल न गाठता मारायची मुभा असलेला शॉट) कधी करायचा, अडकलेला बॉल कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) किक मारून कसा गाठायचा, मधल्या बॉलवरून पांढरा उडवायचा जंप शॉट. स्नूकरच्या कोचला हे येत असेलच असं नाही. त्याला सरळ विचारा, ‘सर, तुम्ही पूलच्या स्पर्धा खेळला आहात का? ब्रेक आणि पॅटर्न, म्हणजे बॉल घ्यायचा क्रम, शिकवाल का?’ ‘ते माझं क्षेत्र नाही, त्यासाठी नंतर अमक्याकडे जा,’ असं म्हणणारा कोच मला ‘सगळं येतं’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

कोचकडे जाण्याआधी मोबाइल काढा

हे काम बहुतेक जण टाळतात. टाळू नका, यात टेबलाच्या भाड्यापलीकडे एक पैसाही खर्च होत नाही.

टेबलाच्या बरोबर मध्यावर एक बॉल ठेवा. कोपऱ्यातल्या पॉकेटपासून या बॉलमधून जाणारी रेषा मागे वाढवा आणि त्या रेषेवर दीड-दोन फुटांवर पांढरा बॉल ठेवा. आता स्टॉप शॉट मारायचा. समोरचा बॉल पॉकेटमध्ये गेला पाहिजे आणि पांढरा त्याच्या जागी जागच्या जागी थांबला पाहिजे. असे दहा शॉट मारा आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी लिहा. बॉल गेला का, आणि पांढरा कुठे सरकला.

बॉल पॉकेटमध्ये जातोय पण पांढरा थोडा डावीकडे किंवा उजवीकडे वळून थांबतोय, असं वारंवार होत असेल तर तुमचा क्यू सरळ जात नाहीये किंवा पांढऱ्याच्या मध्यावर लागत नाहीये. अनेकदा नकळत साइड, म्हणजे आडवी फिरकी, लागत असते. ज्यांना वाटतं की आपल्याला सरळ शॉट येतो, त्यांच्यातल्या अनेकांचं हे दुखणं इथे उघडं पडतं.

हे दहा शॉट मोबाइलवर दोन बाजूंनी रेकॉर्ड करा. एकदा मोबाइल पॉकेटच्या मागे, टेबलाच्या उंचीवर, तुमच्या तोंडासमोर. एकदा क्यूच्या हाताच्या बाजूने, कोपराच्या उंचीवर. समोरच्या व्हिडिओत हनुवटी क्यूच्या वर आहे का आणि क्यू वाकडा येतो का ते दिसतं. बाजूच्या व्हिडिओत दिसतं की शॉट लागायच्या आत तुम्ही उठून उभे राहताय का. दोन्ही व्हिडिओ जपून ठेवा. कोचला दाखवायला उपयोगी पडतातच, पण दोन महिन्यांनी फरक मोजायलाही हेच लागतात.

शोधायचं कुठे

पहिली जागा जिमखाने. पुण्यात पीवायसी हिंदू जिमखाना, डेक्कन जिमखाना, पूना क्लब. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, खार जिमखाना, माटुंगा जिमखाना. तिथे स्पर्धा होतात आणि स्पर्धा बघताना कोच ओळखता येतात. तुम्ही सदस्य नसलात तरी स्पर्धा बघायला येऊ का, असं ऑफिसात विचारून बघायला हरकत नाही. तिथे गेल्यावर टेबलावर खेळणाऱ्यांइतकंच खुर्च्यांवर बसलेल्यांकडे लक्ष द्या. एखादा ज्युनिअर खेळाडू फ्रेम हरून आल्यावर कोणाशेजारी जाऊन बसतो, तो माणूस त्याला काय सांगतो, रागावतो की वही उघडतो, हे तिथल्या तिथे बघायला मिळतं.

जुन्या क्लबांमध्ये आणखी एक माणूस असतो, ज्याच्याकडे नवख्यांचं लक्षच जात नाही. मार्कर. टेबल झाडणं, बॉल पुसणं, स्कोअर लिहिणं ही त्याची कामं. पण वर्षानुवर्षं शेकडो खेळाडूंचे हात त्याने जवळून पाहिलेले असतात, आणि असे कित्येक मार्कर स्वतः उत्तम खेळतात. मार्करला आदराने विचारलेला एक प्रश्न, ‘काका, इथे नवीन माणसाला नीट कोण शिकवतं?’, अनेकदा इंटरनेटवरच्या तासाभराच्या शोधापेक्षा जास्त कामाचा ठरतो. काही मार्कर स्वतःच शिकवतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसेल, नजर असते.

दुसरी वाट संघटनेची. राज्यात बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशन ऑफ महाराष्ट्र आणि देशपातळीवर बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया या संस्था आहेत. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये पूलचे गटही असतात. तुमच्या जिल्ह्यातलं कोण या स्पर्धा खेळून आलं आहे, हे शोधा आणि त्या खेळाडूला विचारा की तो स्वतः कोणाकडे शिकला. नाव सहसा लगेच सांगतात.

पार्लरमध्ये शोधायचं असेल तर रविवार संध्याकाळ सोडून जा. गर्दीच्या वेळी ‘हारेल तो टेबलाचे पैसे देईल’ या हिशेबात सगळे असतात, तिथे शिकवणं चालत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पार्लर उघडल्या उघडल्या एकटा कोणी सराव करताना दिसला, तर त्याच्याशी ओळख करा. एकट्याने सराव करणाऱ्याला कोच माहीत असतो.

अमेरिकेत असाल तर काम सोपं आहे. तिथे प्रोफेशनल बिलियर्ड इन्स्ट्रक्टर्स असोसिएशन ही बिलियर्ड काँग्रेस ऑफ अमेरिकेशी जोडलेली संस्था प्रशिक्षकांना प्रमाणपत्रं देते आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, अगदी वर मास्टर इन्स्ट्रक्टर. इंग्लंडमध्ये डब्ल्यूपीबीएसए, म्हणजे वर्ल्ड प्रोफेशनल बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशनची मान्यता असलेले स्नूकर कोच सापडतात. पण प्रमाणपत्र तिथेही प्रवेशद्वारापुरतंच. पहिल्या सत्राची परीक्षा चुकत नाही.

पहिल्या फोनवर काय विचारायचं

फी विचारायच्या आधी हे विचारा की सध्या तुमच्याकडे कोण शिकतंय आणि त्यांच्याशी बोललं तर चालेल का. शक्यतो तुमच्याच पातळीच्या विद्यार्थ्याशी बोला. राज्य विजेत्याचा कोच नवख्याला तितकाच चांगला शिकवेल असं नाही. विजेता त्याच्याकडे आला तेव्हा निम्मा तयारही असेल. विद्यार्थ्याला ‘सर कसे आहेत?’ असं विचाराल तर ‘मस्त आहेत’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या महिन्यात सरांनी तुला काय बदलायला सांगितलं?’ नेमकं सांगता आलं तर कोच नेमकं शिकवतो.

मग व्यवहाराचं. टेबलाचे पैसे फीमध्ये धरलेत की वेगळे? सत्र किती मिनिटांचं? एका वेळी किती जण? एका टेबलावर दोघे ठीक, चौघे असतील तर तुम्ही निम्म्याहून जास्त वेळ उभेच राहाल. पहिली दोन-तीन सत्रं सुटी सुटी घ्या, एकेकट्या सत्राचे पैसे द्या. सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरू नका, सूट कितीही असो.

पहिलं सत्र

इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळा निकाल याच एक-दीड तासात लागतो.

चांगला कोच सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं जवळजवळ बोलत नाही. तुम्हाला सांगतो, ‘नेहमीसारखं खेळा.’ तुम्ही खेळत राहता आणि तो जागा बदलत राहतो. आधी तुमच्या समोर, पॉकेटच्या मागे वाकून. मग मागे, क्यूच्या रेषेत. मग बाजूला, कोपराच्या उंचीवर. तुम्ही टेबलाकडे चालत कसे येता, उभे राहता तेव्हा आधी पाय ठेवता की आधी वाकता, वाकल्यावर पाय हलवता का, हेही तो टिपतो. बॉल गेला म्हणून ‘वा!’ नाही आणि चुकला म्हणून हळहळ नाही.

मग तो एखादी छोटी चाचणी घेतो. माझ्या मते सगळ्यांत बोलकी चाचणी पट्ट्याच्या बॉलची. पांढऱ्याऐवजी स्ट्राइपचा एखादा बॉल, समजा पिवळ्या पट्ट्याचा नऊ नंबर, टेबलावर ठेवायचा आणि पट्टा उभा, बरोबर शॉटच्या रेषेत फिरवून घ्यायचा. मग त्याच्या मध्यावर क्यू मारून तो रिकाम्या टेबलावर सरळ पुढे पाठवायचा. क्यू मध्यावर लागला तर पट्टा उभाच्या उभा लोळत जातो, रेष हलत नाही. जरा जरी डावं-उजवं लागलं तर पट्टा डगमगतो, भोवऱ्यासारखा फिरायला लागतो. क्यूची टिप, म्हणजे टोक, जेमतेम काही मिलिमीटर सरकलेली असते, पण पट्टा चुगली करतो. कोणी सांगायची गरजच उरत नाही.

दुसरी चाचणी टेबलाच्या लांबीची. मधल्या रेषेवर पांढरा ठेवायचा, सरळ पलीकडच्या कुशनवर मारायचा, आणि परत येऊन तो तिथेच ठेवलेल्या क्यूच्या टिपेला लागला पाहिजे. तिसरी प्लॅस्टिकच्या बाटलीची. रिकामी पाण्याची बाटली टेबलावर आडवी ठेवायची आणि तोंडाच्या कडांना न लावता क्यू आत-बाहेर करायचा. ही घरी जेवणाच्या टेबलावरही करता येते. कोच हीच चाचणी घेईल असं नाही. पण बॉल पॉट होणं, म्हणजे पॉकेटमध्ये जाणं, बाजूला ठेवून फक्त क्यूची चाल तपासणारी एखादी तरी चाचणी त्याच्याकडे हवी.

यानंतर तो एक गोष्ट निवडतो. एकच. तुमच्यात सहा चुका असतील, त्याला सहाही दिसल्या असतील, पण तो म्हणेल, ‘आज फक्त पकड.’ क्यू मुठीत आवळला, की पुढे जाताना मनगट वळतं आणि टिप बाजूला जाते, हे तो दाखवेल. तुमच्या हातातला क्यू मागून हलकेच ओढून बघेल, किती घट्ट धरलाय ते. मग बोटं सैल करायला लावेल आणि पुन्हा पट्ट्याचा बॉल. कोपर, डोकं, पाय यांची पाळी नंतर. एका सत्रात पाच दुरुस्त्या सांगणारा कोच ज्ञानी असू शकतो, पण त्या पाच दुरुस्त्या घेऊन तुम्ही टेबलापाशी वाकाल तेव्हा हात दगडासारखा जड झालेला असेल.

आणखी एक गोष्ट चांगला कोच आधीच सांगून ठेवतो. ‘पुढचे दोन-तीन आठवडे तुमचे बॉल आधीपेक्षा कमी जातील.’ जुनी सवय मोडताना असंच होतं. जुन्या वाकड्या चालीला शरीराने कुठेतरी भरपाई शोधून ठेवलेली असते. चाल सुधारली की ती भरपाई आड येते. हे सांगितलं नाही तर विद्यार्थी घाबरून जुन्या पद्धतीकडे पळतो. सांगणारा कोच म्हणजे ज्याने हे पुष्कळ वेळा पार पाडलंय असा माणूस.

मागे फिरायच्या खुणा

पहिल्याच दिवशी साइड स्पिन शिकवायला घेतो. बघायला झकास वाटतं, पण पांढरा मध्यावर मारता येत नसताना साइड शिकणं म्हणजे चुकीवर चूक चढवणं. साइड दिली की पांढरा नेमलेल्या रेषेतून थोडा सरकतो, त्याचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. सरळ चाल पक्की झाल्यावरच हे घ्यायचं.

दुसरी खूण, तो स्वतःच जास्त खेळतो. तासातली चाळीस मिनिटं त्याचेच शॉट बघत उभे असाल तर ते प्रदर्शन आहे.

तिसरी, पहिल्या आठवड्यात क्यू विकायला काढतो. पूलच्या क्यूची टिप साधारण १२ ते १३ मिलिमीटरची, वजन १८ ते २१ औंस, आणि सरळ असेल, टिप चांगली असेल तर साधा क्यूही सहा महिने पुरतो. पार्लरच्या क्यूंमधला एक सरळ क्यू हुडकून दर वेळी तोच वापरला तरी सुरुवातीला चालतं. सरळ आहे का ते टेबलावर लोळवून कळतं.

चौथी खूण मी सगळ्यांत गंभीर मानतो. तो तुम्हाला पैशावरच्या गेममध्ये उतरवतो. ‘दडपणाखाली खेळायला शिकाल’ असं म्हणतात. दडपण हवं असेल तर स्पर्धा आहेत, प्रवेश फी भरा आणि खेळा. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये पैज आली की शिकवणं तिथेच संपतं.

फिलिपिन्सचा खेळाडू एफ्रेन रेयेस मनिलात नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये वाढला, बघून बघून शिकला आणि १९९९ मध्ये नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. हे उदाहरण देऊन कोच लागतोच कशाला, असं म्हणणारे भेटतात. पण तो लहानपणापासून टेबलाशेजारीच वाढला होता. नोकरी सांभाळून आठवड्यातले चार-पाच तास देणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या चुका स्वतः शोधत बसायला तेवढी वर्षं नसतात.

गृहपाठ आणि मोजमाप

सत्र झालं की कोचने लिहून दिलं पाहिजे, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं आणि किती. ‘सराव करत राहा’ हा गृहपाठ नव्हे. ‘स्टॉप शॉट, दीड फुटावरून, दहाचे तीन संच, प्रत्येक संचात किती गेले आणि पांढरा किती वेळा जागेवर थांबला ते लिहा’ हा गृहपाठ. नवख्याला आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एक सत्र पुरे, मध्ये किमान तीन-चार तास एकट्याचा सराव हवा. तेवढा वेळ मिळणार नसेल तर सत्रं लांबवा. सरावाविना दर तीन दिवसांनी कोचकडे जाणं म्हणजे तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा विकत घेणं.

एकट्याच्या सरावात टेबलाचं सगळं भाडं आपल्यावर पडतं, ही खरी अडचण आहे. पार्लरमालकाशी बोला. सकाळी टेबलं रिकामी असतात, महिन्याचा ठरावीक दर लावून द्यायला बरेच जण तयार होतात.

क्यू सरळ चालायला लागला, की तिसऱ्या-चौथ्या सत्रात पांढऱ्याच्या वाटेचा विषय निघायला हवा. कट शॉटमध्ये पांढरा धडकेच्या क्षणी नुसता घसरत असेल, ना पुढची फिरकी ना मागची, तर तो समोरच्या बॉलच्या दिशेशी ९० अंशांत निघतो. आपल्या ओघात लोळत असेल तर मधल्या जाडीच्या कटमध्ये आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंश वळतो. हे दोन नियम हातात आले की पांढरा कुठे जाऊन थांबेल याचा अंदाज बांधता येतो, आणि सलग तीन बॉलवर अडकलेली गाडी खरी इथे सुटते. कोचला विचारा, ‘सर, पांढरा कुठे जाईल?’ तो टेबलावर एक रुपयाचं नाणं ठेवेल आणि मग शॉट मारेल. पांढरा नाण्याच्या आसपास पोचला पाहिजे. मग ते नाणं तुम्हाला ठेवायला सांगेल.

प्रगती मोजायला ‘घोस्ट’शी खेळणं हा मला सर्वांत प्रामाणिक उपाय वाटतो. टेबलावर तीन बॉल विखरून टाका, पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवा आणि नंबराच्या क्रमाने तिन्ही पॉट करा. सगळे गेले तर गुण तुम्हाला. एक जरी चुकला किंवा पांढरा पॉकेटमध्ये गेला, तर गुण त्या न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला. जो आधी सातला पोचेल तो जिंकला. तीन बॉलवर सारखे जिंकायला लागलात की चार घ्या. इथे नशीब नाही, समोरच्याचा वाईट दिवस नाही. दर रविवारी एक सामना खेळून निकाल तारखेसह लिहिला, तर दोन महिन्यांनी कोचबद्दल कोणाचं मत विचारायची गरज पडत नाही.

मुलांसाठी आणि मुलींसाठी

मुलाला किंवा मुलीला शिकवायचं असेल तर जागा आधी बघा, कोच नंतर. काही पार्लरमध्ये सिगारेटचा धूर असतो, पैजा चालतात, शिवीगाळ असते. अशा जागी कोच कितीही गुणी असला तरी मूल पाठवू नये. जिमखाना किंवा क्लबचा हॉल मिळाला तर उत्तम. पहिल्या काही सत्रांना पालकांनी बाजूला बसावं आणि याला कोचची हरकत असेल तर तिथेच विषय संपवावा. मुलं ठेंगणी असली की टाचा उंचावून, खांदा वर ओढून शॉट मारायला लागतात आणि ती सवय पुढे जाता जात नाही. जाणता कोच त्यांना छोटा क्यू देतो आणि हात पोचेल असेच शॉट लावतो.

मुली आणि महिलांनी कोचला आधीच विचारून घ्यावं की उभं राहणं किंवा हात दुरुस्त करताना तो स्पर्श करून दाखवतो की सांगून. स्पर्श न करता शिकवणं पूर्ण शक्य आहे. क्यूच्या टोकाने दाखवता येतं, व्हिडिओ थांबवून दाखवता येतं, स्वतः करून दाखवता येतं. चांगले कोच हे विचारायच्या आधीच सांगतात.

गावात कोच नसेल तर

तालुक्याच्या गावात दोन टेबलांचं पार्लर असतं आणि कोच जवळच्या मोठ्या शहरात. अशा वेळी महिन्यातून एकदा शहरात जाऊन दोन तासांचं सत्र घ्यायचं आणि मधल्या काळात व्हिडिओ पाठवायचे, असं ठरवता येतं. व्हिडिओ वर सांगितल्याप्रमाणे दोन बाजूंनी, मोबाइल स्टँडवर ठेवून, तेच दहा शॉट. मित्राने हातात धरून काढलेला हलता व्हिडिओ कोचच्या कामाचा नसतो. पहिली भेट मात्र प्रत्यक्षच घ्या. पकड किती घट्ट आहे, अंगाचा भार कोणत्या पायावर आहे, हे पडद्यावर नीट कळत नाही.

कोच बदलायची वेळ

दोन-अडीच महिने नियमित सत्रं घेतलीत, गृहपाठ केलात, तरी घोस्टशी खेळताना आकडे जागचे हलत नसतील, तर कोचशी स्पष्ट बोला. तो जुने आणि नवे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून कारण शोधायला बसला तर आणखी महिनाभर थांबा. ‘तुम्ही मन लावत नाही’ एवढंच म्हणाला तर थांबू नका.

आणि कधी कधी कोच चांगला असूनही त्याच्याकडचं शिकून झालेलं असतं. क्यू सरळ झाला, पांढरा कळायला लागला, आता नाइन-बॉलचे पॅटर्न आणि सेफ्टी (समोरच्याला अडचणीत टाकणारे बचावाचे शॉट) हव्यात आणि सर स्नूकरचे आहेत. अशा वेळी लपूनछपून दुसरीकडे जाऊ नका. सरांना सांगा, त्यांनाच नाव विचारा. नव्या कोचकडे जाताना वही आणि पहिल्या दिवशीचे दोन्ही व्हिडिओ बरोबर न्या. पकडीवर, कोपरावर कोणतं काम आधीच झालंय हे त्याला लगेच कळेल आणि पहिल्या सत्रापासून तो ब्रेकवर येऊ शकेल.